पंप बंद करा हे सुईवाल्यांनी का सांगावं?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

दम्यावर ॲक्युपंक्चर, म्हणजे सुया टोचून उपचार, याबद्दल आपल्या पेपरात वाचलं म्हणून लिहितोय. माझा विरोध अजिबात नाही. मी सोलापूरचा, आमचे डॉ. कोटणीस 1938 साली ज्या पथकातून चीनला गेले त्याच पथकातले डॉ. बासू पुढे ही विद्या तिकडे शिकून आले आणि 1959 ला भारतात सुरू केली, त्यामुळे सुयांचं आम्हाला परकं काही वाटत नाही.

बायकोला बरीच वर्षं दमा आहे. गेल्या पावसाळ्यात तिने दहा सिटिंग केली. केसाएवढ्या बारीक सुया, मानेच्या खाली मणक्याच्या दोन्ही बाजूंना आणि मनगटाजवळ, वीस मिनिटं गप पडून राहायचं, बस. तिला खरंच बरं वाटायला लागलं, रात्रीची झोप लागायला लागली, आणि मग सुया टोचणाऱ्या त्या गृहस्थांनी सांगितलं की आता दम्याचा रोजचा पंप (इनहेलर) बंद करा, त्यात स्टिरॉइड असतं, सवय लागते. झालं! हिने बंद केला, मला सांगितलंसुद्धा नाही.

दिवाळीच्या तोंडावर सहज घरातल्या पीक फ्लो मीटरमध्ये (श्वास किती जोरात बाहेर पडतो ते दाखवणारं यंत्र) फुंकायला लावलं तर एरवी 350 पर्यंत जाणारा काटा 220 लाच थांबला. आणि ही म्हणते, अहो, मला तर मोकळं वाटतंय! चार दिवसांनी फटाक्यांच्या धुरात रात्री दोन वाजता रिक्षा, ऑक्सिजन, नेब्युलायझर, सगळं झालं.

नंतर कळलं की अमेरिकेत 2011 साली हेच मोजून बघितलंय. 39 पेशंट, खरा पंप (लगेच श्वास मोकळा करणारा, रोजचा स्टिरॉइडचा नव्हे), औषध नसलेला खोटा पंप आणि टोचल्यासारख्या वाटणाऱ्या पण आत न जाणाऱ्या खोट्या सुया. बरं वाटलं म्हणणारे तिन्हीकडे जवळपास सारखेच, पण फुंकून मोजलं तर खऱ्या पंपाने 20 टक्के फरक आणि बाकी दोन्हींनी 7 च्या आसपास, काहीच न देता बसवून ठेवलं तरी तेवढाच. सुया खोट्या होत्या हे मान्य, पण वाटणं वेगळं आणि श्वासनळी उघडणं वेगळं हे तर दिसलंच ना. आणि हिच्या रोजच्या पंपातलं स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं हो, गोळीतलं मिलिग्रॅममध्ये! घेतल्यावर चूळ भरा म्हणजे तोंड येत नाही.

राज्यात ॲक्युपंक्चरचा कायदा आहे, कौन्सिल आहे. त्यांनी प्रत्येक क्लिनिकमध्ये एवढी एक पाटी लावायला लावावी की डॉक्टरांना विचारल्याशिवाय पंप बंद करू नका.

हिच्या सुया अजून चालू आहेत, दुसऱ्या एका बाईंकडे. त्या आधी मीटर फुंकायला लावतात, आकडा वहीत लिहितात, मगच टेबलावर झोपवतात.

आपला,
एक वाचक, सोलापूर