पातळ दोन हात, जाड एक नाही

परभणी

प्रिय सुन्या,

तुझ्या मासेमारीच्या रॉडचे फोटो मिळाले. दोऱ्याची बांधणी झकास झालीय, वेढ्याला वेढा चिकटून बसलाय, गाईड, म्हणजे दोरी ओवायच्या कड्या, एका रेषेत आहेत. बिघडलंय ते सगळं वरच्या इपॉक्सीत, म्हणजे रेझिन आणि हार्डनर कालवून दोऱ्यावर लावतो त्या लेपात. ‘कामून असं होतंय’ म्हणून विचारायलास, तर जरा लांबण लावूनच लिहितो.

आधी त्या खड्ड्यांचं बोलू. बारीक गोल खड्डे पडलेत आणि तळाशी कोरडा दोरा दिसतोय, म्हणजे तिथे तेलकट काहीतरी होतं. मला संशय सिरिंजचा. मेडिकलमधून आणलेल्या सिरिंजच्या रबरी दट्ट्याला सिलिकॉन तेल लावलेलं असतं. त्याचा अंश इपॉक्सीत उतरला की ते तेवढ्या जागेपासून मागे सरकतं, मग कितीही ब्रश फिरव, खड्डा भरत नाही. रबर नसलेली, नुसत्या प्लॅस्टिकच्या दट्ट्याची सिरिंज मिळते, ती घे. रेझिनला एक, हार्डनरला दुसरी, आणि त्यांची कधी अदलाबदल करायची नाही. बांधलेल्या दोऱ्याला उघडा हात लावू नकोस. तू डोक्याला तेल चोपडून कामाला बसणारा माणूस, म्हणून मुद्दाम सांगतो. हातमोजे तसेही हवेतच. हार्डनर सारखा कातडीला लागला तर पुढे त्याची ॲलर्जी होते.

काही जागी चिकट राहिलंय ते मिश्रणामुळे. माप समसमान असलं तरी कपाच्या कडेला न ढवळलेला माल राहतो आणि शेवटी आपण तोच खरवडून लावतो. दोन्ही मिळून 3 मिलीपेक्षा कमी कालवूच नये, कारण थेंबभर फरकसुद्धा तिथे मोठा ठरतो. तीनेक मिनिटं सावकाश ढवळ, भजीचं पीठ फेटल्यासारखं नको, नाहीतर हवा शिरते. मग लगेच ॲल्युमिनियम फॉईलवर पातळ पसरून टाक. कपात ढीग राहिला की त्याची उष्णता त्यालाच तापवते आणि ते झपाट्याने घट्ट होतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर हे फार सांभाळावं लागतं. तापमान 10 अंशांनी चढलं की जमण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. पारा 42 वर असताना दुपारी बसलास तर तिसऱ्या गाईडपर्यंत पोचायच्या आत ब्रश ओढायला लागेल. भल्या पहाटे बस, आणि पंखा बंद ठेव, धूळ उडते.

पावसाळ्यात उलटी तऱ्हा. दमट हवेत वर तुपकट साय धरते. ती कोमट साबणाच्या पाण्याने पुसून निघते, पण पुसल्याशिवाय दुसरा हात मारायचा नाही.

आता तो मधला फुगवटा. तुला एकाच हातात काचेसारखी चकाकी हवी होती, म्हणून तू भरमसाट थापलंस. बाजारातल्या कित्येक रॉडवर असलंच फुगलेलं फिनिश असतं आणि लोक त्यालाच सफाई म्हणतात. मला ते बघवत नाही. फिनिशचं काम दोरा बांधून ठेवणं आणि पाणी आत न जाऊ देणं. त्यापेक्षा जास्त इपॉक्सी म्हणजे नुसतं वजन, आणि टोकाकडे तेच वजन रॉडला मंद करतं. पहिला हात इतका पातळ दे की दोरा फक्त भिजावा. गाईडच्या पायाशेजारच्या पोकळीत मात्र ते नीट शिरलं पाहिजे, तिथूनच पुढे पाणी घुसतं. बुडबुडे दिसले तर स्पिरिटच्या दिव्याची ज्योत खालून झर्रकन फिरव. मेणबत्ती नको, काजळी धरते. तोंडाने फुंकूही नकोस, श्वासातली वाफ लागते. दुसऱ्या दिवशी दोऱ्याचं एखादं कूस वर आलेलं दिसेल, ते ब्लेडने हलकेच कापून मग दुसरा हात.

लेप घट्ट होईपर्यंत रॉड आडवा धरून फिरवत ठेवावा लागतो. त्याला मायक्रोवेव्हची थाळी फिरवणारी मोटार पुरते, मिनिटाला 5-6 फेरे. पण लाईट गेली की माल खाली ओघळतो. तेव्हा शेजारी बसून दर थोड्या मिनिटांनी हाताने अर्धा फेरा द्यायचा, घट्ट होईपर्यंत. पहाटेच्या हट्टामागे हेही एक कारण आहे, आमच्याकडे त्या वेळी लाईट सहसा असते.

दोऱ्याचा लाल रंग काळपट झाला म्हणून हळहळू नकोस. साधा नायलॉन इपॉक्सी प्यायला की पारदर्शक होतो आणि खालचा काळा कार्बन दिसतो. रंग टिकवायचा असेल तर आधी कलर प्रिझर्व्हर लाव. जरीसारख्या धातूच्या धाग्याला ते लागत नाही. मी बांबूच्या रॉडला पैठणहून आणलेलं उरलंसुरलं रेशीम बांधलंय, वर इपॉक्सी नाही, नुसतं व्हार्निश, एकावर एक पातळ हात, मध्ये प्रत्येकी दिवसभर वाळवण. रेशमातून बांबूची शीर दिसते. पोरांना सध्या हात लावू देत नाही.

हा रॉड मोडीत काढू नकोस. चिकट जागा स्पिरिटने पुसून घे, खड्डे बारीक पॉलिश पेपरने खरखरीत कर, आणि नीट कालवलेला एक पातळ हात दे, बहुतेक सावरेल. फुगवटा तेवढा राहील. मग दोनतीन दिवस त्याला हात न लावता ठेव आणि येलदरीच्या धरणावर घेऊन ये. मरळ लागतेय म्हणतात. विष्णुपुरी धरणाचं पाणी तुला रोजचंच आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दत्ता