कुकीच्या कृतीत कप नको, ग्रॅम छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाताळ जवळ आला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत परदेशी बिस्किटांच्या कृती येऊ लागतात. त्यांतली अमेरिकेतल्या आमिश लोकांची मऊ शुगर कुकी कोल्हापुरात घरी सहज होण्यासारखी आहे. पेनसिल्व्हेनिया, ओहायो भागातला हा शेतकरी समाज. त्यांच्या या कुकीला ना साचा लागतो, ना लाटणे. तरीही ती अनेकांची बिघडते आणि दोष बहुतेक वेळा छापलेल्या मापात असतो. 'एक कप बटर, साडेचार कप मैदा' असे लिहिलेले असते. अमेरिकी कप सुमारे २४० मिलीचा, आपला चहाचा कप त्याच्या जेमतेम निम्मा. बरे, कप लहान झाला म्हणून अंडे लहान होत नाही. मग पीठ सैल पडते आणि कुकीऐवजी केकसारखे काहीतरी हाती येते. म्हणून विनंती आहे की अशा कृती ग्रॅममध्ये छापाव्यात.

साधारण ३० कुकींसाठी माप असे : बटर ११३ ग्रॅम, बिनवासाचे तेल १२० मिली, साखर १०० ग्रॅम, पिठीसाखर ६० ग्रॅम, अंडे १, मैदा २७५ ग्रॅम, खाण्याचा सोडा आणि क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमध्ये वापरतात ती आंबट पांढरी पूड) प्रत्येकी अर्धा चमचा, व्हॅनिला अर्धा चमचा. चमचा म्हणजे ५ मिलीचा, सपाट. बटर खारे असेल तर मीठ घालू नये. घाण्याचे शेंगतेल आपल्याकडे आवडीचे, पण इथे त्याचा वास सगळ्यावर चढतो. सूर्यफुलाचे रिफाइंड घ्यावे. बटरऐवजी तूप घातले तर त्यात पाणी नसल्याने कुकी खुसखुशीत होते, म्हणजे ती नानकटाईच झाली. साखर मोठ्या दाण्याची असेल तर मिक्सरला एकदाच फिरवावी, नाहीतर दाणे विरघळत नाहीत. कोल्हापुरात गुळाचा मोह होणारच, पण गूळ ओलावा आणि रंग दोन्ही बदलतो. ती कुकी चांगली लागेल, पण ही नव्हे.

क्रीम ऑफ टार्टर वगळू नये. नुसता सोडा राहिला तर साबणासारखी चव येते. ते न मिळाल्यास सोडा पाव चमचा करून १ चमचा बेकिंग पावडर घालावी. लिंबूसत्त्व त्याच मापाने घालू नये, ते फार तीव्र असते.

बटर बोट दाबले तर खड्डा पडेल इतके मऊ हवे, वितळलेले नको. ते, तेल आणि दोन्ही साखरा तीनेक मिनिटे फेटाव्यात, मग अंडे आणि व्हॅनिला. मैदा, सोडा आणि टार्टर एकत्र चाळून घालावेत आणि कोरडे पीठ दिसेनासे होताच थांबावे. जास्त मळले की मऊपणा जातो. पीठ चिकट, तेलकट दिसते. ते पाहून अनेकजण मैदा वाढवतात आणि कुकी तिथेच दगड होते. मैदा न वाढवता पीठ तासभर फ्रिजमध्ये ठेवावे. मग लिंबापेक्षा लहान, साधारण २३ ग्रॅमचे गोळे करून साखरेत बुडवलेल्या पेल्याच्या बुडाने सेंटीमीटरभर जाडीचे दाबावेत.

ओव्हन १९० अंशांवर, दोन्ही रॉड चालू ठेवून १५ मिनिटे आधी तापवावा. ट्रे मधल्या खणात ८ ते १० मिनिटे. खरी चूक इथे होते. नानकटाई मंद आचेवर बराच वेळ भाजायची आपली सवय, त्यामुळे वरून लाली येईपर्यंत वाट पाहिली जाते. ही कुकी कडा धरल्या आणि मधला भाग फिका, किंचित कच्चा दिसतो आहे अशा वेळी बाहेर काढायची. तापल्या ट्रेवरच पाच मिनिटे राहू दिली की ती आतून पुरी होते. लगेच उचलली तर मोडते. दुसरा घाणा गरम ट्रेवर टाकू नये. बटर आधीच वितळून कुकी पसरते.

अंडे न खाणाऱ्यांनी ४५ ग्रॅम घट्ट दही घालावे. पोत थोडा केकसारखा येतो, पण मऊपणा टिकतो.

पूर्ण निवाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात, कोमट भरल्या तर आत पाणी सुटते. चार-पाच दिवस चांगल्या राहतात. कोरड्या हवेत कडक वाटू लागल्या तर डब्यात पावाचा एक तुकडा ठेवावा, त्याचा ओलावा कुकीत उतरतो. जुलै-ऑगस्टच्या झडीत मात्र तो ठेवू नये, बुरशी येते.

आपली,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर