दहा ढोल उलट्या ठेक्यात

संपादक महोदय,

रविवारी सकाळी रामबागेत पोह्यांवर जिरावन भुरभुरवत शेजारी म्हणाले, "सर, उपग्रहाच्या अँटेनातला एखादा भाग बिघडला की सगळंच ठप्प ना?" आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, तरी पोहे निवले पण माझं उत्तर संपेना, म्हणून हे पत्र.

अ‍ॅरे अँटेनात अनेक लहान अँटेना एका ठेक्यात लहरी सोडतात. समजा १०० आहेत आणि सगळ्या सारख्याच, प्रत्येकीला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर. त्यातल्या १० बंद पडल्या, तर मुख्य दिशेची तीव्रता ९० नव्हे, ८१ टक्क्यांवर येते; कारण आधी लहरींची बेरीज (०.९), मग त्या बेरजेचा वर्ग (०.९ × ०.९ = ०.८१). म्हणजे घट जेमतेम ०.९ डेसिबल. ठप्प वगैरे काही नाही.

पण त्या १० बंद न पडता नेमक्या उलट्या फेजमध्ये, म्हणजे लहरींच्या उलट्या ठेक्यात, अडकल्या, तर? मिरवणुकीत भलत्याच ठेक्यावर जोरजोरात बडवणारा ढोलवाला आठवा. ९० मधून १० वजा, उरले ८०. तीव्रता ६४ टक्के. अशांना बंद केलेलंच बरं! शिवाय आजूबाजूला सांडणारी ऊर्जा, म्हणजे साइडलोब, वाढून दुसऱ्यांच्या सिग्नलांत लुडबुड करते. माझ्या मते खरं दुखणं हेच.

वर जाऊन सोल्डरिंग कोण करणार? म्हणून सोय असेल तर उरलेल्या अँटेनांची फेज आणि ताकद जमिनीवरून आज्ञा पाठवून नव्यानं जुळवतात. गेलेली शक्ती पूर्ण परत येत नाही, साइडलोब मात्र बऱ्यापैकी आवरता येतात.

एवढं सांगेपर्यंत शेजाऱ्यांची दुसरी प्लेट आली होती.

– एक निवृत्त प्राध्यापक, रामबाग, इंदूर