परभणीच्या ताईंना, एका डोल्याकवाल्या मुनिमाकडून

ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र गेममधल्या मेलनंही पाठवता आलं असतं. पण मागं मेलनं सोनं पाठवलं ते तुम्ही तसंच्या तसं परत केलंत, वर "हे काय करायलाव?" एवढं एकच वाक्य. म्हणून यावेळी चारचौघांत लिहितोय, म्हणजे परत करायची सोय नाही. तुमचं नाव कुठं घालत नाही. बाई रात्री ड्रॅगन मारतात हे शाळेतल्या पोरांना कळलं तर वर्ग आवरायचा नाही, हे तुमचंच म्हणणं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. मी लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर मुनीम आहे. गिल्ड वॉर्स २ हा इंटरनेटवर हजारोंनी एकत्र खेळायचा गेम ऑगस्ट २०१२ मध्ये आला तेव्हा कॉलेजात होतो. एकदा पैसे भरले की महिन्याची वर्गणी नाही, या एका गोष्टीवर तो घेतला होता. २०१६ च्या उन्हाळ्यात तो सुटला. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायचं ते दिवस. रात्री टँकरची वाट बघायची का कॉम्प्युटरपुढं बसायचं, हा प्रश्नच नव्हता. पुढं लग्न, नोकरी, मुलगी. गेम आठवायचा तो फक्त एखाद्या जुन्या मित्राचा फोन आला की.

परत आलो तेव्हा माझा गार्डियन, म्हणजे गेममधला माझा ढालवाला लढवय्या, त्याचं नाव हुरडा, लायन्स आर्च या तिथल्या शहरात सोडला तसाच उभा होता. बाजूनं सगळी जनता रॅप्टरवरून उड्या मारत, ग्रिफनवरून झेप घेत चाललेली आणि मी आपला पायी. सवारी हा प्रकार २०१७ सालच्या पाथ ऑफ फायर या विस्तारात आला, म्हणजे मी गेल्यावर. लेव्हल ऐंशी, गोष्ट बरीचशी पूर्ण, थैल्या गच्च भरलेल्या. आता पुढं काय? लेव्हल संपल्यावर जो खेळ उरतो, ज्याला सगळे एंडगेम म्हणतात, तो नक्की कुठं सुरू होतो? माझ्या डोक्यात त्याचं एकच चित्र होतं, रेड. मी सोडला तेव्हा रेड नुकत्याच आल्या होत्या, दहा जणांनी मिळून करायच्या अवघड मोहिमा, आणि ग्रुपवाले आत घेण्याआधी कपड्यांपासून अनुभवापर्यंत सगळं तपासायचे. लग्नाच्या स्थळासारखं.

मॅप चॅटमध्ये विचारलं तर तीन जणांनी तीन बिल्डच्या, म्हणजे हत्यारं आणि कौशल्यांच्या तयार जुळणीच्या, लिंक टाकल्या. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. मग तुमचा मेसेज आला, रोमन अक्षरांत पण पक्क्या आपल्याकडच्या बोलीत: "हुरडा कुठला म्हणायचा, परभणीचा का लातूरचा?"

ताई, त्यानंतर तुम्ही जे विचारलंत त्यासाठी खरं तर हे पत्र आहे. माझ्याकडं कोणती तलवार आहे ते तुम्ही विचारलं नाही. विचारलंत ते हे: रात्री किती वाजता मोकळे होता? मध्येच उठावं लागतं का? तुमच्याकडं लाइट किती वेळा जाती? आणि सगळ्यांत शेवटी, "पयले खेळायचे तवा कशात येळ गेलेला कळायचा नाही, ते सांगा." मी बराच वेळ काही टाइपच केलं नाही. मग लिहिलं की चाळीस-पन्नास अनोळखी माणसं एका दरवाज्यापाशी उभी राहून तो राखतात, ते आवडायचं. तुम्ही म्हणालात, "मग झालं की. रेड कशाला करायलाव?"

लाइटचा मुद्दा मला तोपर्यंत कुणी सांगितला नव्हता, आणि मराठवाड्यात बसून खेळणाऱ्याला तोच आधी सांगायला हवा. दहा जणांच्या रेडमधून एक माणूस अचानक गायब झाला तर नऊ जण बसून राहतात. फ्रॅक्टल नावाच्या पाच जणांच्या छोट्या मोहिमेत तर आणखी पंचाईत. उघड्या मैदानावरच्या मोठ्या मेटा इव्हेंटमध्ये, म्हणजे तिथं असतील त्या सगळ्यांनी मिळून करायच्या लढाईत, मात्र पन्नासातला एक गेला तर कुणाचं काही अडत नाही. इन्व्हर्टर दमला, पोरगी उठली, दुकानावरून फोन आला, तर खुशाल उठायचं. माझ्या घराला काय झेपतं त्यावरून तुम्ही माझा एंडगेम ठरवलात.

आधी मात्र थैल्या. ती अख्खी संध्याकाळ तुम्ही माझ्या थैल्यांवर घालवलीत, आणि मला वाटतं परत येणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी एवढंच करून दिलं तरी निम्मे लोक टिकतील. कारण लॉगिन केल्यावर पहिलं दिसतं ते हे: दीडशे वस्तू, निम्म्यांचा उपयोग आठवत नाही, काही टाकून द्यावं तर भीती की हेच पुढं लागायचं. तुमचा हिशेब सोपा होता, वस्तूच्या नावाचा रंग म्हणजे तिचा दर्जा. निळं-हिरवं डोळे झाकून मोडीत काढा. वरच्या लेव्हलचं पिवळं मोडून त्यातून एक्टो हा कामाचा कच्चा माल काढा. केशरी बाजूला ठेवा, नंतर बघू. गुलाबी अक्षरांतल्या कशालाही हात लावू नका. ज्यावर डबल क्लिक केलं की काही उघडतं ते आधी उघडा, कच्चा माल एका क्लिकमध्ये कोठारात पाठवा. तासाभरात थैल्या रिकाम्या झाल्या आणि मला मोंढ्यातल्या वर्षअखेरीचा ताळा जमल्याचं समाधान मिळालं.

गुलाबी म्हणजे असेंडेड. दहा वर्षांपूर्वी केलेल्या माझ्या अंगठ्या आणि गळ्यातलं आजही वरच्याच दर्जाचं आहे, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला आधी पटलं नाही. बाकी अशा गेममध्ये चार महिने गैरहजर राहिलं की अंगावरचं सगळं भंगारात जातं. इथं लेव्हलची मर्यादा पहिल्या दिवसापासून ऐंशीच आहे आणि असेंडेडच्या वर आकड्यांनी काही नाही. लेजंडरीचेही आकडे तेच, फक्त ते हवे तेव्हा बदलता येतात. म्हणजे धावून गाठायला पुढं कुणी नाहीच. हे कळल्यावर खांद्यावरचं ओझं गेलं. एवढी साधी गोष्ट गेमच्या पहिल्या पानावर ठळक का लिहीत नाहीत, देव जाणे.

बोटांना बटणं आठवेनात म्हणून तुम्ही मला चक्क क्वीन्सडेलला नेलंत, नवख्यांच्या गावात. मला जरा लाज वाटली. पण तिथं गेलं की गेम आपली लेव्हल त्या जागेएवढी खाली आणतो, त्यामुळं जुन्या जागा कधी निकामी होत नाहीत. दलदलीतला शॅडो बेहेमोथ आपल्या घड्याळानं रात्री सव्वानऊला उठतो. दोन-तीन दिवस तिथं हात साफ केला. मग रॅप्टरसाठी पाथ ऑफ फायर घेतलं. गोष्टीच्या पहिल्याच टप्प्यात तो मिळतो. सगळे विस्तार एकदम घेऊ नका, सेल लागला की एकेक घ्या, हाही सल्ला तुमचाच. घरात त्यामुळं शांतता राहिली.

आणि मग टारीर.

ऑरिक बेसिनमधलं ते सोन्याचं शहर मी २०१६ च्या आधी बघितलं होतं, पण तेव्हा समजलं नव्हतं. दर दोन तासांनी त्याला वेढा पडतो. आपल्याकडं रात्री साडेआठ आणि साडेदहा, उन्हाळा असो का हिवाळा, कारण गेमचं घड्याळ यूटीसी या जागतिक वेळेवर चालतं. चार दरवाजे, प्रत्येकापुढं एक ऑक्टोव्हाइन नावाची राक्षसी वेल. चारही जवळपास एकाच वेळी मेल्या पाहिजेत. एखादी मागं राहिली तर मेलेल्या पुन्हा उगवतात. म्हणून लढता लढता लोक आकडे ओरडत असतात: उत्तर वीस टक्के, दक्षिण बारा, थांबा, हात आवरा, पूर्वेला माणसं पाठवा. ज्याचं आयुष्य चार काटे एकावेळी सांभाळण्यात जातं त्याला याच्याइतकं सुख दुसरं नाही. तुम्ही कमांडरचा निळा टॅग डोक्यावर घेऊन दक्षिण दरवाज्यावर उभ्या होतात. कुणाला रागावला नाहीत. नवीन कुणी वेलीला घाईनं मारायला लागला की नाव घेऊन "थांबा थोडं" एवढंच. चारही वेली पडल्या, शहराखालचं तळघर उघडलं आणि पन्नास जण पेट्या फोडत धावत सुटले तेव्हा माझी बायको मागून म्हणाली, "हे कोण लोक आहेत?" मला सांगता येईना.

बाकी तुम्ही दाखवलेलं सगळंच मला मानवलं असं नाही, ते खोटं कशाला लिहू. मासेमारी मला अजिबात जमली नाही. कँथातल्या त्या होडीत बसून दिवसाचा मासा वेगळा, रात्रीचा वेगळा, आमिष वेगळं, हे तुम्ही इतक्या प्रेमानं समजावलंत, पण मला झोप आली. फ्रॅक्टल आवडले, पहिल्या टप्प्यातले. पुढं पुढं अ‍ॅगनी नावाची इजा वाढत जाते, तिला तोंड द्यायला असेंडेडमध्ये इन्फ्युजन नावाचे खडे बसवावे लागतात. तुम्ही म्हणालात, जिथवर हसत खेळता येतंय तिथवर जा. मी पहिल्याच टप्प्यात आहे, आणि रविवारी दुपारी एखादा पुरतो. विझार्ड्‌स व्हॉल्टची रोजच्या बक्षिसाच्या कामांची यादी पहाटे साडेपाचला बदलते, तर तुम्ही आधीच बजावलंत की त्यासाठी गजर लावायचा नाही. तुम्ही स्वतः त्या वेळेला जाग्या असता ते नळाला पाणी येतं म्हणून.

ट्रेडिंग पोस्टबद्दल, म्हणजे गेममधल्या बाजाराबद्दल, मात्र आपलं भांडण झालं. माझा स्वभाव. माल कुठं स्वस्त, कुठं महाग, हे दिसलं की हात शिवशिवतात. विकायला ठेवताना पाच टक्के जातात, विकल्यावर आणखी दहा. पंधरा टक्के! एवढी आडत घेतली तर शेतकरी आम्हाला मोंढ्यात उभं करणार नाहीत. मी वहीत भाव लिहायला लागलो तेव्हा तुम्ही स्पष्ट म्हणालात, "दिवसभर तेच करताव, रात्री बी तेच? मग पगार मागा त्यांना." बंद केलं.

आणि बंद केलं म्हणून मला डोल्याक सापडले. तुम्ही मला वर्ल्ड वर्सेस वर्ल्डमध्ये नेलंत ते किल्ल्यावर चढाई बघायला. लाल, निळे, हिरवे, तीन बाजूंची लढाई, शंभर माणसं एकमेकांवर धावून जातायत. मला त्यात काही कळेना. पण एका कोपऱ्यात, छावणीतून निघालेला एक केसाळ याकसारखा प्राणी पाठीवर रसद लादून एकटाच बुरुजाकडं चालला होता. हे डोल्याक पोचले तर बुरुजाच्या भिंती पक्क्या होतात, शत्रूनं वाटेत मारले तर सगळं रखडतं. त्यांच्यासोबत चालायला सहसा कुणी नसतं. सगळ्यांना लढायचं असतं. मी चालायला लागलो. तुम्ही मागं वळून बघितलंत, मी कुठं राहिलो म्हणून, आणि लिहिलंत, "मुनीमजी, इथं बी पोती पोचवायलाव का?" त्यापुढं हसण्याची ओळच्या ओळ.

होय ताई, पोतीच. पण इथं माल पोचला की कुणी वजनावरून हुज्जत घालत नाही आणि पट्टी उद्या घ्या म्हणत नाही. आठवड्यातल्या दोन-तीन रात्री मी हेच करतो. कुणीतरी चोर झुडपातून येतो, मी ढाल पुढं करतो, कधी वाचतो, कधी मी आणि डोल्याक दोघंही मरतो. मागच्या आठवड्यात एका अनोळखी फ्रेंच माणसानं मला नुसतं "याक, मेर्सी" असं लिहिलं. बायकोला वाचून दाखवलं. रेड केली असती तर कदाचित मोठी बक्षिसं मिळाली असती. तुम्ही स्वतः शनिवारी जाता, मजेनं जाता, आणि एकदाही मला ओढलं नाहीत. त्याबद्दल वेगळे आभार.

दसऱ्याच्या आसपास मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढेल आणि दिवाळी होईपर्यंत मी दहाच्या आत घरी येत नाही. साडेआठचं टारीर माझ्याशिवाय करावं लागेल. साडेदहाचं जमलं तर येतो. हॅलोवीनचा मॅड किंगचा क्लॉक टॉवर, उड्या मारत चढायचा मनोरा, त्याच दिवसांत असतो. खालून पाणी चढल्यासारखं काहीतरी चढत येतं आणि माणसांच्या गर्दीत आपला हुरडा कुठला तेच दिसत नाही, त्यामुळं माझ्याकडून तो होईलसं वाटत नाही. तुम्ही चढा, मी खाली बसून बघीन. तोवर बॉर्डरलँडमध्ये, त्या तीन बाजूंच्या लढाईच्या मैदानात, कुणी मोकळं दिसलं तर त्याला उत्तरेच्या छावणीवरून निघणाऱ्या डोल्याकमागं लावून द्या, ती वाट नेहमी उघडी पडते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
लातूरचा मुनीम

ता. क. ट्रेडिंग पोस्टवर मी आता नुसते भाव बघतो. काल एक्टो जरा वाढलाय.