लग्नाला जायचं बंद केलं

मा. संपादक,

पेपरात शेतकऱ्याच्या टेन्शनवर बरंच छापून येतं, यायलाच पाहिजे, पण ज्या दुकानातून तो उधारीवर खत-बियाणं उचलतो त्या दुकानदाराचं काय चाललंय हे कोणीच लिहीत नाही, म्हणून हे पत्र. निलंगा तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे, चौदा वर्षं झाली.

आमचा धंदा म्हणजे जूनमध्ये माल द्यायचा अन सोयाबीन निघालं की दिवाळीच्या मागंपुढं पैसे घ्यायचे. डिस्ट्रिब्युटर मात्र थांबत नाही, त्याला चेक आधी लागतो. डीएपी खताची बॅग १३५० ला, तिच्यात सुटतं किती ते विचारूच नका, वरून लिंकिंगच्या नावाखाली, म्हणजे खत पाहिजे तर हे पण घ्या म्हणून, नको तो माल गळ्यात मारतात, तो एक्स्पायर होईपर्यंत मागच्या रॅकवर धूळ खात पडतो. २०२५ च्या सप्टेंबरात सोयाबीन पाण्यात गेलं. ज्याचं वाचलं त्याला हमीभाव ५३२८ फक्त ऐकायला, आडतीवर त्याच्या कितीतरी खाली. आता कोणाच्या दारात जाऊन मागायचं? मागवत नाही अन मागितल्याशिवाय भागत नाही.

यात माणूस एकटा कसा पडतो ते सांगतो. मी लग्नाला जायचं बंद केलं. मांडवात निम्मे लोक माझ्या वहीतले, मला बघितलं की पंगतीत मान खाली घालून जेवतात, त्यांना वाटतं हा वसुलीला आलाय. एकदा तर एक जण ताटावरून उठून गेला, माझा वर्गमित्र होता तो. अन लातूरला जायचं मी टाळतो कारण तिथं मी कोणाच्या तरी वहीत आहे. दिवसभर काउंटरवर पन्नास माणसं येतात, पिकावरचा मावा कशानं जाईल, थ्रिप्सवर काय मारू, सगळ्यांशी बोलतो, पण शटर खाली ओढलं की त्यातल्या एकालाही फोन करता येत नाही.

दिवाळीनंतर रात्री तीनला जाग यायची, छातीत धडधड. ईसीजी काढला, नॉर्मल. मग १४४१६ वर फोन लावला. केंद्र सरकारची टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. मला वाटलं उपदेश करतील. त्या मॅडमनं विचारलं, हे घरात कोणाला माहीत आहे का? म्हणलं नाही. बाकी काय बोललो ते आठवत नाही, तेवढंच डोक्यात राहिलं. उधारी एक रुपयानं कमी झाली नाही, हे पण खरं.

दुसऱ्या दिवशी बायकोला आकडा सांगितला. ती म्हणली, मला वाटलं होतं यापेक्षा जास्त असंल. वर्षभर ती मनातल्या मनात मोठाच आकडा धरून बसली होती.

आमची व्यापाऱ्यांची संघटना आहे, पण ती एकत्र येते बंदला नाहीतर गणपतीच्या वर्गणीला. महिन्यातून एकदा शटर पडल्यावर नुसतं चहाला बसायला काय हरकत आहे? अन तुम्हाला एक विनंती. तो १४४१६ नंबर आरोग्याच्या पुरवणीत नका छापू, बाजारभावाच्या पानावर सोयाबीनच्या भावाखाली छापा. दुकानदार तेवढंच पान न चुकता वाचतो.

– एक कृषी सेवा केंद्रवाला, ता. निलंगा, जि. लातूर