मंडळाच्या हॉलला कुलूप कशाला?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात कोरोनाचे पेशंट सापडले आणि सांगलीत सगळंच ठप्प झालं, तेव्हा आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या हॉलमध्ये कॅरम बोर्ड भिंतीला टेकवून त्या जागी तांदूळ, डाळ, तेलाची किटं भरली जायची, पोरं मास्क लावून घरोघरी द्यायची, आणि ज्येष्ठांचा योगा क्लास व्हिडिओ कॉलवर चालायचा (अर्धा वेळ "आवाज येतोय का" यातच जायचा!). सरकारची शिवभोजन थाळी ५ रुपयांत होती, पण केंद्रापर्यंत जाणं म्हाताऱ्यांना कुठलं जमतंय, त्यांना डबा मंडळाचाच. आता तोच हॉल फक्त बारशा-साखरपुड्याला भाड्याने जातो, एरवी कुलूप. निदान संध्याकाळी दोन तास तरी उघडा ठेवा की राव, वर्गणी देतोच ना आम्ही.

– एक वाचक, सांगली