शनिवारचं जेवण: पसंती कळवण्याआधी वाचा

सभासदहो,

येत्या शनिवारी संध्याकाळी ७ वाजता क्वालालंपूरमध्ये आपलं एकत्र जेवण आहे. भेटायचं ब्रिकफील्ड्सला, केएल सेंट्रल मोनोरेल स्टेशनखाली. मामाक, कोपितियाम की केळीच्या पानावरचं जेवण, हे गुरुवारी रात्री ९ पर्यंत कळवा. सोबत किती जण, शाकाहारी किती, तेही लिहा.

- मामाक म्हणजे तमिळ मुस्लिमांची खानावळ. रोटी चनाई (पराठ्यासारखी पदरदार रोटी) साधी हवी तर ‘कोसोंग’, अंड्याची हवी तर ‘तेलूर’. चहा मागताना ‘कुरांग मानिस’ (गोड कमी) म्हणा, नाहीतर कंडेन्स्ड मिल्कमुळे तो पाकासारखा येतो.
- तिथेच नासी कंदार घेणार असाल तर जपून. भात, त्यावर तीन-चार रश्श्यांचं मिश्रण, इथवर स्वस्त. पण मोठी कोळंबी किंवा माकूल ताटात पडली की बिल एकदम चढतं, आणि भावफलक बहुधा नसतो. वाढण्याआधीच ‘बेरापा?’ (किती?) विचारा.
- कोपितियाम म्हणजे जुन्या धाटणीचं कॉफीचं दुकान. तिथे कॉफी आणि काया टोस्ट (नारळ-अंड्याचा गोड जॅम लावलेला) छान. तिथल्या चिनी गाड्यांवरच्या नूडल्समध्ये मात्र डुकराची चरबी असू शकते.
- शाकाहारींनो, ‘मासे-मटण नको’ एवढं सांगून भागत नाही. सांबलमध्ये (मिरचीच्या ठेच्यात) बहुधा बेलाचान असतं, म्हणजे आंबवलेला जवळा. भाताबरोबरच्या दालचात (भाज्या घातलेल्या डाळीत) मटणाची हाडं असू शकतात. तुमची संख्या जास्त झाली तर ब्रिकफील्ड्समधलं शुद्ध शाकाहारी पानच घेऊ.
- वातानुकूलित हॉटेल ठरलं तर बिलावर ६ टक्के कर आणि बहुधा १० टक्के सेवाशुल्क धरा.

सुटे रिंगिट आणा.